बाससाठी फ्लाय रॉड: निवडायचा कसा आणि चालवायचा कसा

"5 वेटचा एक रॉड घ्या, सगळ्या माशांना चालतो" हा सल्ला देणाऱ्याने बासच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या या शिकारी माशाच्या, मागे एक दुपारही घालवलेली नसते. (वेट म्हणजे रॉड ज्या वजनाच्या लाइनसाठी बनवलाय तिचा नंबर; नंबर मोठा तशी लाइन जड.) त्याच्या जोडीला दुसरा सल्ला येतो, मासा केवढा मिळणार ते बघून रॉड ठरवा. दीड-दोन किलोचा बास 5 वेटच्या रॉडवरही ओढता येतो, प्रश्न तो नाहीच. रॉड ठरतो तो फ्लायवरून, म्हणजे हुकावर बांधलेल्या नकली आमिषावरून.

साध्या गळात आमिषाचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायफिशिंगमध्ये नेमकं उलट असतं. इथे वजन लाइनमध्ये असतं आणि फ्लाय तिच्यामागे फरफटत जाते. बासचा पॉपर म्हणजे हरणाच्या केसांचा, बुचाचा किंवा फोमचा फुगीर, पाण्यावर तरंगणारा गोळा. हवेत त्याचा अडथळा भलताच. 5 वेटच्या लाइनचे पुढचे 30 फूट जेमतेम 9 ग्रॅम भरतात, 8 वेटच्या लाइनचे साडेतेरा. हलक्या लाइनला तो गोळा ओढवत नाही आणि लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) अर्ध्यातच गुंडाळून खाली पडतो. मग लोक स्वतःच्या हाताला दोष देतात.

तेव्हा 9 फुटी, 8 वेटचा रॉड घ्या. फ्लाय मध्यम आकाराच्या असतील तर 7 पुरे. 6 फक्त नदीतल्या स्मॉलमाउथ जातीच्या बाससाठी, तोही छोट्या स्ट्रीमर्सपुरता (पाण्याखालून ओढायच्या, छोट्या माशासारख्या फ्लाय). फांद्या पाण्यावर अगदी वाकलेल्या असतील तर आठ फुटांच्या आतला रॉड सोयीचा पडतो, पण तो दुसरा रॉड म्हणून घ्यावा.

आता ताठरपणा. दुकानात रॉड हलवून "वा, काय फास्ट आहे" म्हणू नका. अतिताठ रॉड वाकायला बरीच लाइन बाहेर असावी लागते आणि बासच्या बहुतेक फेकी दहा-पंधरा मीटरच्या असतात. तेवढ्यात तो वाकतच नाही, सगळं काम खांद्यावर येतं. मध्यम-फास्ट रॉड निवडा. ताठ रॉड आधीच घेऊन बसला असाल तर त्यावर एक नंबर जड लाइन चढवा, बराच फरक पडेल.

रिळावर पैसे उडवू नका. बास लांब धावत नाही, झाडोऱ्यात घुसतो, त्यामुळे इथे रीळ म्हणजे लाइन गुंडाळून ठेवण्याची जागा. वाचलेले पैसे लाइनवर घाला. तरंगणारी, वजन पुढच्या टोकाकडे एकवटलेली, बास टेपरची वेट-फॉरवर्ड लाइन हवी. लीडर दोन ते अडीच मीटर, टोकाला 12 ते 16 पौंडी, दाट पाणवनस्पतीत 20 पौंडी. पॉपरसाठी साधा नायलॉन वापरा. फ्लोरोकार्बनचा दोरा बुडतो आणि पॉपरचं तोंड खाली ओढतो. गाठ लूपवाली बांधा, म्हणजे पॉपर मोकळा डोलतो.

आता फेक. बहुतेक लोक इथेच अडकतात. मला ती जमायला फार वेळ लागला, कारण मीही ट्राउटवाल्यांचे धडे गिरवत होतो: लूप (हवेत लाइनला पडणारा वळसा) अरुंद ठेवा, मागे कडक थांबा, पुढे कडक थांबा. छोट्या फ्लायला ते ठीक आहे. पॉपर लावून तसं केलं की तो मागे झटका खाऊन उसळतो, लाइन सैल पडते आणि पुढच्या फेकीत तो रॉडच्या टोकावर नाहीतर तुमच्या कानावर येऊन आदळतो. टोपी आणि चष्मा सक्तीचे समजा. हुकाचा काटा पक्कडीने दाबून टाका.

सुरुवात पाण्यातूनच बिघडते. रॉडचं टोक पाण्याला टेकवा, फ्लाय हलेपर्यंत लाइन ओढून ढील काढा आणि मगच रॉड सावकाश वर न्या. फक्त लीडर पाण्यात उरला की वेग वाढवा. पॉपर पाण्यातून हिसकलात तर तो आधी बुडतो, मग गोळीसारखा सुटून थेट तुमच्याकडे येतो.

मागची फेक डोक्यावरून घेऊ नका, बाजूने घ्या, जवळजवळ आडवी. तिथे थांबायचं नाही. रॉड वळसा घेत वर येतो आणि पुढची फेक डोक्यावरून जाते. टोकाचा मार्ग लंबवर्तुळासारखा होतो. फायदा एकच आणि तोच महत्त्वाचा: लाइन क्षणभरही सैल होत नाही, फ्लाय सतत ओढीत राहते. मागे "एक-दोन-तीन मोजा" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बाहेर लाइन किती आहे त्यावर वेळ बदलते, आकड्याला तिथे काही अर्थ नाही. मान वळवून लाइन बघा. पॉपरची ओढ टोकाला जाणवली की पुढे निघा. त्याहून रेंगाळलात तर फ्लाय खाली यायला लागते.

पुढे येताना जोर हळूहळू चढवा, शेवटी वेग आणि मग थांबा. सुरुवातीलाच दणका दिला तर लाइन स्वतःलाच छेदून जाते आणि लीडरला गाठी पडतात. हवेतल्या फेकी एक, फार तर दोन. जास्त घुमवल्याने फक्त हात दुखतो. उजव्या हाताने फेकत असाल आणि वारा उजवीकडून असेल तर फेक डाव्या खांद्यावरून घ्या, किंवा सरळ पाठ फिरवा आणि मागच्या फेकीवरच फ्लाय सोडा.

सराव गवतावर करा, पण लोकरीचा तुकडा बांधून नको. त्याला वजन नाही, हवेचा तसा अडथळाही नाही, त्यातून चुकीचीच सवय लागते. जुना पॉपर घ्या, हुकाचं टोक कापून टाका आणि तोच फेका.

फ्लाय पाण्यावर पडली की काही करू नका. तिच्याभोवतीची वलयं विरू द्या. मग रॉडचं टोक पाण्याजवळ, फ्लायच्या रोखाने ठेवून लाइनच्या हाताने छोटासा ओढा द्या. रॉड हलवून पॉपर नाचवणाऱ्यांच्या लाइनमध्ये कायम ढील असते आणि नेमका तेव्हाच मासा येतो.

मासा आला की रॉड उचलायचा नाही. बास मोठा आ करून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पाणी उसळलेलं बघून रॉड वर केलात तर फ्लाय तोंडातून निघून येते. शिवाय वाकलेला रॉड झटका गिळून टाकतो, आणि टणक जबड्यात हूक रुतायला तर जोर हवा. वजन जाणवेपर्यंत थांबा, मग रॉड सरळ ठेवून लाइन लांब ओढा. नेम चुकला तरी फ्लाय जागेपासून फार सरकत नाही, बास पुन्हा फिरू शकतो. हूक बसल्यावर रॉड आडवा वाकवून माशाला गवतापासून बाजूला वळवा.

बाहेर काढताना खालचा ओठ अंगठ्याने धरा, त्याचे दात फक्त खरखरीत असतात. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा लोंबकळत धरू नका, पोटाखाली दुसरा हात द्या.

घरी आल्यावर लाइन सौम्य साबणाच्या पाण्यात पुसून घ्या, मळलेली लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) सुटत नाही. आणि डासांचं मलम तळहाताने चोळू नका, मनगटाच्या मागच्या बाजूने लावा. त्यातल्या डीटने लाइनचं प्लॅस्टिकचं आवरण खराब होतं.