कोकणातलं जुनं घर: पेंट नको, चुना लावा
कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) किंवा मातीच्या घरात राहायला गेलात, तर भिंतींना प्लॅस्टिक पेंट लावू नका. या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, उन्हाळ्यात सोडतात. पेंटखाली ती कोंडते आणि पोपडे सुटतात. आधी फुटकी कौलं बदला, मग भिंतींना चुना लावा. पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात कळीचा (न विझवलेला) चुना थोडा थोडा सोडा. तो उकळतो, म्हणून डोळे जपा, मुलांना लांब ठेवा. रात्रभर मुरला की फडक्यातून गाळा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत खरवडून, पाणी शिंपडून दुधासारखे पातळ तीन हात द्या. ओला चुना पुसट दिसतो, घाबरू नका. वाळल्यावर काळोखी माजघरसुद्धा उजळतं.