बिल्बोचा सीड-केक : दोन गोल, कॅरवे घातलेले

टोल्कीनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीत (१९३७) पहिल्याच प्रकरणात नायक बिल्बोच्या दाराची घंटा वाजत राहते आणि एकामागून एक ड्वार्फ (बुटके) घरात शिरतात. पांढऱ्या दाढीचा बालिन चहापेक्षा बिअर पसंत करतो, आणि केक असलाच तर सीड-केक द्या म्हणतो. रात्रीच्या जेवणानंतर तोंडात टाकायला म्हणून बिल्बोने दुपारीच दोन गोल सीड-केक भाजून ठेवलेले असतात. तेच बिचाऱ्याला बाहेर काढावे लागतात.

नाव वाचून सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया डोळ्यांसमोर येतात. इथलं ‘सीड’ म्हणजे कॅरवे, आणि घोटाळा होतो तो इथेच. आपल्याकडे शहाजिरे या एकाच नावाखाली दोन जिन्नस विकले जातात. एक बारीक, काळपट, बिर्याणीत घालतात ते. त्याचा धुरकट, मातकट वास गोड केकमध्ये खटकतो. दुसरं जरा जाड, तपकिरी, चंद्रकोरीसारखं वाकलेलं, अंगावर फिकट रेघा असलेलं. हवं ते हे. दोन दाणे चावून बघा: बडीशेपेच्या जवळची, किंचित थंडावा देणारी चव आली तर बरोबर. नाहीच मिळालं तर साधं जिरं अजिबात नको, केकला फोडणीचा वास येईल. त्यापेक्षा बाळंतशेप घ्या. कॅरवेच्या वासाचं मुख्य द्रव्य, कार्व्होन, शेपूच्या बियांतही असतं, त्यामुळे हा बदल खपून जातो.

१५ सेंटिमीटरच्या (६ इंची) दोन गोल टिनांसाठी:

अनसॉल्टेड बटर २०० ग्रॅम
साखर १७० ग्रॅम
अंडी ४ मध्यम (कवचाशिवाय सुमारे २०० ग्रॅम)
मैदा २२० ग्रॅम
बदामाची पूड ५० ग्रॅम
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
कॅरवे ३ छोटे चमचे (सुमारे ६ ग्रॅम)
जायफळ पाव छोटा चमचा, किसून
मीठ चिमूटभर
दूध २ ते ३ मोठे चमचे, लागलं तरच

मिसेस बीटन यांच्या १८६१च्या इंग्रजी गृहव्यवस्थेच्या पुस्तकात एक पौंड मैद्याला पाऊण औंस कॅरवे आहे, म्हणजे आपल्या मापाला जवळजवळ १० ग्रॅम, शिवाय जायपत्री, जायफळ आणि वाइनग्लासभर ब्रँडी. सवय नसलेल्या जिभेला तेवढं कॅरवे औषधी लागतं. ६ ग्रॅमपासून सुरुवात करा. अर्धे दाणे खलबत्त्यात जेमतेम ठेचा, अर्धे अख्खे ठेवा. भाजू नका, ओव्हनमध्ये भाजले जातातच.

साखर मिक्सरला चार-पाच झटके देऊन बारीक रव्यासारखी करा. पार पिठी झाली तर काम बिघडतं, कारण साखरेचे कण बटरमध्ये घुसतात तेव्हाच त्यात हवा अडकते. बटरवर बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. एप्रिल-मेमध्ये फ्रिजबाहेर १५ मिनिटंसुद्धा पुरतात. तासभर ठेवलेलं बटर ढिलं पडतं, हवा धरत नाही आणि केक गच्च होतो. घरचं लोणी वापरायचं तर ताक निघून जाईपर्यंत धुवा आणि फडक्यात पिळून घ्या. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

बटर-साखर बीटरने ४-५ मिनिटं फेटा, हाताने करायचं तर १०-१२. पिवळा रंग जाऊन मिश्रण सायीसारखं फिकट आणि फुललेलं दिसलं पाहिजे. हा केक इथेच ठरतो, बेकिंग पावडर नुसती मदतनीस. आता फोडून फेटलेली अंडी सहा-सात वेळा थोडी थोडी घाला, आधीची जिरल्याशिवाय पुढची नको. अंडी गार असतील तर बटर आखडतं आणि मिश्रण नासलेल्या दुधासारखं फुटतं. म्हणून फ्रिजमधली अंडी फोडण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. तरी फुटलंच तर घाबरू नका: मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घाला, भांडं अर्धा मिनिट कोमट पाण्यावर धरा आणि परत फेटा.

मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळा. त्यात बदामपूड, जायफळ, मीठ, कॅरवे मिसळा आणि स्पॅच्युलाने तीन भागांत हलकेच खालीवर करत मिसळा. बीटर आता बाजूला. जास्त ढवळलं की केक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, चमचा झटकल्यावर थबकत पडेल असं. चिकटून बसलं तरच दूध घाला. सैल पिठात बिया तळाशी जातात.

टिनाला बटर लावून तळाला कागद घाला आणि दोन-तृतीयांशच भरा. ओटीजी १६५ अंशांवर, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं आधी तापवा. मधल्या जाळीवर ४० ते ४५ मिनिटं. पहिला अर्धा तास दार उघडलं की मध्यभाग बसतो. वर बारीक चीर पडली तर चांगलंच, पण डोंगर होऊन फुटला तर ओव्हन जास्त तापतोय, पुढच्या वेळी १० अंश कमी करा. कापल्यावर तळाशी ओलसर, दाट पट्टी दिसली तर एकतर मिश्रण फुटलं होतं किंवा केक पाच मिनिटं आधी बाहेर आला. मध्ये काडी घालून कोरडी निघाली आणि कडा टिनापासून सुटल्या की झाला.

दहा मिनिटांनी टिनातून काढा, जाळीवर पूर्ण गार करा आणि बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. गरम असताना झाकला तर वरचा थर चिकट होतो. ताज्या केकात कॅरवे अंमळ टोचतं. दुसऱ्या दिवशी दाणे मऊ पडतात, वास सगळीकडे मुरतो आणि तुकडेही सुबक पडतात, म्हणून एक केक उद्यासाठी राखून ठेवा. थंडीत चार-पाच दिवस टिकतो. पावसाळ्यात दोन दिवसांनंतर फ्रिजमध्ये टाका आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, नाहीतर बटर गोठलेलं असतं आणि केक शिळा वाटतो.