दोन जुन्या हॅचबॅकची तुलना करताना या चुका टाळा

पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय की प्युजो २०५ जीटीआय? हा वाद बहुतेक जण एका आकड्यावर मिटवतात. गोल्फ ११० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर, इंजिनाच्या ताकदीचं एकक), प्युजो ११५, म्हणजे प्युजो सरस. मला ही घाई खटकते.

आधी विचारा, कोणती गोल्फ आणि कोणती प्युजो? १९७६ची गोल्फ १५८८ सीसीची, ११० पीएस. १९८२ पासून इंजिन १७८१ सीसीचं झालं आणि ताकद ११२ पीएस. वाढ नावापुरती दिसते, पण मोठ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त आहे आणि तो कमी आरपीएमलाच हाती येतो. चढावर गिअर कमी बदलावे लागतात. प्युजोचं १.६ लिटर इंजिन १९८४ मध्ये १०५ पीएसचं होतं, १९८६ मध्ये ११५ झालं. १.९ लिटरचं १३० पीएसचं, तेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) १२२. वर्ष आणि इंजिन न लिहिता केलेली तुलना मी तरी वाचत नाही.

मग वजन. सुरुवातीची गोल्फ साधारण ८१० किलोची, १.६ प्युजो ८५० च्या आसपास. म्हणजे टनामागे गोल्फला १३६ पीएस आणि ११५ पीएसच्या प्युजोला १३५. दोन माणसांचे दीडशे किलो धरले की दोघी ११५ वर येतात. ते ५ पीएस गेले कुठे? वजनात. इथेही एक खाच आहे: काही तक्त्यांत वजनात चालकाचे ७५ किलो धरलेले असतात, काहींत नसतात. दोन्ही गाड्यांचं वजन एकाच पद्धतीचं घ्या.

एककांचा घोळ तर नेहमीचाच. ११० पीएस म्हणजे सुमारे १०८ बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर), म्हणजेच ८१ किलोवॉट. अमेरिकन गाडी असेल तर आणखी जपा. शेव्हरोले व्हेगाचं साधं इंजिन १९७१ मध्ये ९० हॉर्सपॉवरचं, १९७२ मध्ये ८० चं. इंजिन दुबळं झालं नव्हतं. एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे जोडून मोजायला सुरुवात झाली होती.

ताशी ० ते ६० मैल आणि ताशी ० ते १०० किमी वेग गाठायच्या वेळा शेजारी ठेवू नका. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, आणि वरच्या थोड्याशा वेगासाठी कधी आणखी एक गिअर बदलावा लागतो. मायलेजचंही तसंच. ऐंशीच्या दशकातले युरोपीय आकडे स्थिर ताशी ९० किमी, स्थिर ताशी १२० किमी आणि शहर असे वेगवेगळे दिले जात. त्यातला ९० चा आकडा उचलून नव्या डब्ल्यूएलटीपी (आजची मायलेज चाचणी) आकड्याशी लावणं साफ चूक.

काही गोष्टी तक्त्यात सापडतच नाहीत. उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गोल्फमध्ये ब्रेक पेडलचा जोर लांबलचक दांड्यातून डावीकडे जातो, त्यामुळे ब्रेक मऊ लागतात. २०५ वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून घसरू शकते. खरेदी करणाऱ्यासाठी हे ५ पीएसपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

आणि समोरची गाडी कागदाइतकी पळत नसेल, तर लगेच मॉडेलला दोष देऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) खरंच पूर्ण उघडतो का, ते बघा. ताणून सैल झालेली केबल फार जणांना फसवते. मग सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब), इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि टायरचं माप तपासा. माप बदललं की स्पीडोमीटरही चुकतो, म्हणून वेग जीपीएसवर मोजा. शेवटी चाकं जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रल ठेवून हातानं फिरवा. एखादं जड फिरत असेल तर ब्रेक चिकटतोय.