'मेड इन' कुठलं, ते कसं वाचायचं

नागपुरात बर्डीवर माझं इस्त्री, पंखे, चार्जर दुरुस्तीचं दुकान आहे. नवी वस्तू घेतली की बरेचजण दाखवायला आणतात. "भाऊ, मेड इन इंडिया आहे ना?" मी म्हणतो, ती ओळ सगळ्यात शेवटी वाचा.

कारण माल शेवटी कुठे घडला, एवढंच ती सांगते. यवतमाळच्या कापसाचं सूत बांगलादेशात गेलं, तिथे विणून शर्ट शिवला, की लेबल बांगलादेशचं. आपल्या कास्तकाराचं नाव कुठेच नाही, आणि हे मला फार लागतं. तिकडे तामिळनाडूत जोडलेल्या आयफोनच्या डब्यावर 'असेंबल्ड इन इंडिया' असतं; आतली मुख्य चिप सहसा तैवानची.

आता चार्जर हातात घ्या. बारीक अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. 'मार्केटेड बाय'पुढे जो पत्ता असतो तो विकणाऱ्या कंपनीचा, कारखाना भलतीकडेच असू शकतो. 'इम्पोर्टेड बाय' म्हणजे माल बाहेरचा. 'पीआरसी' म्हणजे चीनच. बारकोड ८९० ने सुरू होतो म्हणून खूश होऊ नका. कंपनीने तो नंबर भारतात घेतला, इतकंच त्यातून कळतं.

खरी शोधायची गोष्ट म्हणजे 'आर-' (R-) आणि त्यापुढचे आठ अंक. ही बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो, मालाचा दर्जा बघणारी सरकारी संस्था) नोंदणी ब्रँडला नाही, ठरावीक कारखान्याला मिळते. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये नंबर टाका, कारखान्याचं नाव-पत्ता समोर येतो. नंबर सापडलाच नाही, किंवा चार्जरचा नंबर टाकल्यावर भलतीच वस्तू निघाली, तर तो चार्जर परत करा. चीनमधल्या नोंदणीकृत कारखान्याचा चार्जर मी घरी बिनधास्त लावतो. बिननंबरी 'मेड इन इंडिया' पोरांच्या हाती देत नाही.

इस्त्री, गिझरला आयएसआय चिन्ह आणि 'सीएम/एल' (CM/L) हा परवाना नंबर बघायचा. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो.

ऑनलाइन घेताना मूळ देश दाखवणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, पण तो तपशिलात पार खाली असतो. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. डब्यावर दुसराच देश निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. तक्रार करताना बिल हाताशी असलेलं बरं, तेव्हा इतवारीतून ठोक भावात घेतलं तरी पक्कं बिल मागून घ्या.