झिरो बॅकग्राउंड होल्डर लावूनही एक्सआरडीचा आलेख उचललेलाच? या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडचा जांभा किंवा बॉक्साइट दळून एक्सआरडी यंत्रात (क्ष-किरणांच्या विवर्तनावरून खनिजं ओळखणारं यंत्र) लावला आणि आलेखाची तळरेषा उंच आली, की पहिला संशय होल्डरवर, म्हणजे नमुना ठेवायच्या चकतीवर जातो. झिरो बॅकग्राउंड होल्डर म्हणजे स्वतःची खूण आलेखात जवळपास न उमटवणारी चकती. क्ष-किरण ट्यूब तांब्याची असेल तर आधी नमुन्यातलं लोह तपासा. तिचे कॉपर के-अल्फा किरण पडले की लोहातून फ्लुओरेसन्स, म्हणजे लोहाचे स्वतःचे क्ष-किरण सुटतात आणि सगळी पार्श्वभूमी वर येते. महागडा होल्डरही त्याला आवरू शकत नाही. डिटेक्टरची ऊर्जामर्यादा आवळा, डिटेक्टरपुढे मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण जाऊ देणारा स्फटिक) लावा, नाहीतर कोबाल्ट ट्यूबवर मोजा.

होल्डरचा दोष वेगळा ओळखू येतो. काचेमुळे 20 ते 30 अंशांत रुंद फुगवटा दिसतो (इथले सगळे कोन तांब्याच्या ट्यूबवरचे, आलेखाच्या 2θ अक्षावरचे). तो टाळायला साधी, (100) या स्फटिक-पातळीला समांतर कापलेली सिलिकॉन चकती घेणं ही नेहमीची चूक. तिचं शिखर 69 अंशांपाशी प्रचंड येतं. शिवाय 33 अंशांजवळ, म्हणजे ऐन हेमॅटाइट या जांभ्यातल्या लोहखनिजाच्या मुख्य शिखराच्या जागी, खोटं शिखर उमटू शकतं. जांभ्यासाठी हे फारच घातक. चकती (510) किंवा (911) पातळीला समांतर कापलेलीच घ्या, आणि कोरी चकती त्याच स्लिटवर (किरणांचा झोत किती पसरेल ते ठरवणारी फट), त्याच कोनांत आधी मोजून ठेवा.

पावडर चिकटवायला व्हॅसलिन जाड थापलं तर फुगवटा परत आलाच. 5-10 मिलिग्रॅम पावडर इथेनॉलच्या दोन-तीन थेंबांत पसरून वाळू देणं बरं. मात्र असं पसरल्यावर केओलिनाइट आणि गिब्साइट या खनिजांचे चपटे कण आडवे बसतात, त्यामुळे 12.4 आणि 18.3 अंशांची शिखरं फुगतात. त्यात थर पातळ असला तर मोठ्या कोनांवरची तीव्रताही घटते. खनिज ओळखायला हा थर चालतो, टक्केवारी काढायला नाही. टक्केवारीसाठी 10 मायक्रॉनच्या आत दळलेली पावडर खोलगट होल्डरमध्ये मागच्या बाजूने भरा.

पृष्ठभाग होल्डरच्या कडेशी सपाट हवा. 240 मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात नमुना 0.1 मिलिमीटर वर राहिला तरी 30 अंशांजवळची शिखरं सुमारे 0.05 अंश पुढे सरकतात.

10 अंशांवर अर्ध्या अंशाची स्लिट याच यंत्रात सुमारे 24 मिलिमीटर लांबी उजळते. खळगा 20 मिलिमीटरचा असेल तर किरण कडेवर सांडतात. तिथे पाव अंशाची स्लिट लावा.

पावसाळ्यात नमुन्याची माती 60 अंश सेल्सिअसला वाळवा. घाईने 200 च्या पुढे नेलीत तर गिब्साइटच मोडू लागतं.

चकती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. घासणी नको, कॉस्टिक सोडा तर नकोच, तो सिलिकॉन खातो. ओरखड्यांत अडकलेली पावडर पुढच्या नमुन्यात शिखर होऊन उतरते.