घरपट्टीची पावती हातात पडेपर्यंत

नगरपरिषदेचं संकेतस्थळ नव्यानं करायला घेतलंय, निविदेत 'दिव्यांगस्नेही असावे' अशी एक ओळ टाकून झालीय आणि पुढं नेमकं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही, अशा कार्यालयांसाठी ही तयारी लिहितोय. मुखपृष्ठापासून सुरुवात करू नका. एकच काम निवडा, उदाहरणार्थ घरपट्टी भरणं. मालमत्ता क्रमांक टाकण्यापासून पावती हातात पडेपर्यंतचा सगळा रस्ता अंध माणसाला, हात थरथरणाऱ्याला, ऐकू न येणाऱ्याला शेजारच्या पोराला हाक न मारता पार करता आला पाहिजे. दहातली एक पायरी तुटकी निघाली, तर उरलेल्या नऊ चांगल्या असून त्याची घरपट्टी काही भरली जात नाही.

आधी कागद नीट करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, त्याखालचे नियम २०१७ मध्ये आले आणि सेवा सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला दोन वर्षं दिली होती. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं बजावलं. तेव्हा निविदेत मोघम शब्द नकोत. सरकारी संकेतस्थळांची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं, भारतीय मानक १७८०२ आणि डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय वेब-सुगम्यता निकषांची 'डबल ए' पातळी, एवढं नावानिशी लिहा. आणि शेवटचा हप्ता चाचणी पार पडल्यावरच द्यायचा, ही अट घाला. हे वाक्य असलं की कंत्राटदार बाकीची वाक्यं वाचतो.

मग मजकूर. मराठीत खरी अडचण इथे आहे. तुमच्याकडची कुठलीही पीडीएफ उघडा, त्यातला परिच्छेद कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवा. अगम्य चिन्हं उमटली तर ती पीडीएफ जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहावीत यासाठीची संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमधली आहे, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीच चिन्हं वाचणार. काहीच कॉपी झालं नाही तर तो कागदाचा फोटो आहे. संगणकावर टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा आणि पुन्हा स्कॅन करून चढवायचं, ही आपली जुनी खोड. सहीची प्रत हवी तर ठेवा, पण शेजारी टाइप केलेला मूळ मजकूर युनिकोडमध्ये द्या. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलंय ना, तेही बघा. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मराठी वाचतो, पण पानानंच स्वतःला इंग्रजी म्हणवलं तर त्याचा घोटाळा होऊ शकतो. आणि 'सदर मालमत्तेबाबतचे थकीत देयक अदा करणेकामी' याऐवजी 'थकबाकी भरा' लिहा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांची सोय होईल, माझीही होईल.

एकदा एका अंध मित्राबरोबर अशाच एका संकेतस्थळावर बसलो होतो. त्यानं पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडली. स्क्रीन रीडर वापरणारे बरेचजण असंच करतात. 'येथे क्लिक करा', 'येथे क्लिक करा', 'येथे क्लिक करा'. हसून म्हणाला, ''सांग बरं, कुठं करू?'' लिंकचं नाव एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे: 'घरपट्टी भरा', 'जन्मदाखल्यासाठी अर्ज'. चित्रांनाही तोच न्याय. ज्या चित्रात सूचना लिहिलीय तिचे शब्द पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या कोडमधल्या शब्दांत) हवेत, शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवा. सणाच्या शुभेच्छांचे फलक शक्यतो काढाच. वर सरकणारी 'नवीन'ची पट्टी थांबवता आली पाहिजे.

अर्जाला सगळ्यात जास्त वेळ द्या. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात ठेवू नका, टाइप करायला लागलं की ते गायब होतं. बाहेर लिहा आणि कोडमध्ये रकान्याशी जोडा. इंग्रजीत नाव टाइप करून स्पेस दाबली की मराठी होणारा तो रकाना आठवतो ना? ऐकून काम करणाऱ्याला मागच्या मागे काय बदललं ते कळतच नाही. त्याला थेट मराठीत टाइप करू द्या. आकडे १२३ असे आले तरी स्वीकारा. तारीख कॅलेंडरातून निवडायची सक्ती नको, हातानं लिहिता यावी. प्रभागाची यादी कीबोर्डच्या बाणांनी फिरते का बघा. चूक झाली तर रकाना नुसता लाल करू नका. 'मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा' असं शब्दांत सांगा आणि ते स्क्रीन रीडरला ऐकू जाईल अशी सोय करा. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा काढून टाकता आला तर उत्तमच. ओटीपी टाकायला वेळ कमी पडला तर मुदत संपण्याआधी सूचना आणि 'अजून वेळ द्या' हे बटण हवं, कारण एका बोटानं टाइप करणाऱ्याला दोन मिनिटं पुरत नाहीत. पुढं पैसे भरण्याचं पान दुसऱ्याच कंपनीचं असतं आणि कंत्राटदार हात वर करतो. तेही पान चाचणीत धरलंय, हे निविदेतच लिहिलेलं बरं.

रंगांचं थोडक्यात: अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक निदान ४.५ ला १ हवा. मोठ्या अक्षरांत मात्रा-उकार कापले जात नाहीत ना, ते २०० टक्के मोठं करून बघा. व्हिडिओला मराठी सबटायटल हवीत. मदतीसाठी फक्त फोन नंबर देऊन बहिऱ्या माणसानं काय करायचं? एसएमएस आणि ईमेलही द्या.

कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेलं, अक्षर-रंग बदलून देणारं तयार विजेट मात्र घेऊ नका. अक्षर मोठं करणं फोनला आणि ब्राउझरला आधीपासून येतं. तुटलेला अर्ज त्या चिन्हानं जुळत नाही.

चाचणीच्या दिवशी माउस काढून ठेवा आणि टॅब, एंटर, बाण यांवर घरपट्टी भरून दाखवा. फोकस कुठे आहे, म्हणजे कीबोर्ड आत्ता कुठल्या बटणावर किंवा रकान्यावर आहे, ते दिसतंय का बघा. मग फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) सुरू करून, स्क्रीन झाकून तेच करा. स्वयंचलित तपासणीची साधनं चालवा, पण ती पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच सांगतात, तो बरोबर आहे का ते नाही. शेवटी गावातले दोन-तीन दिव्यांग करदाते बोलवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ते अडखळले की मध्ये बोलू नका, लिहून घ्या. पावतीची पीडीएफ त्यांच्याकडूनच वाचून घ्या: क्रमांक, रक्कम, तारीख ऐकू आली की रस्ता पूर्ण झाला.

उद्घाटनानंतरच्या सोमवारी मात्र कुणीतरी पाणीकपातीची स्कॅन केलेली नोटीस चढवणार. पहिले सहा महिने अपलोडचे अधिकार एकाच लिपिकाकडे ठेवा, आणि कॉपी करून चिकटवण्याची ती चाचणी त्याच्या टेबलावर लिहून ठेवा.