पोट कमी करायचंय? मग व्हिटॅमिन सी आणि फळं अशी घ्या

आधी स्पष्ट सांगते, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी पोटाची चरबी वितळत नाही, मोठ्या माणसाला दिवसाला 65-80 मिलिग्रॅम पुरतं आणि जास्तीचं बरंचसं लघवीतून निघून जातं. एका पेरूत तेवढं आरामात मिळतं.

मग फळाचा फायदा काय, तर पोट भरतं. थंडीत रात्री सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) जायच्या आधी एक पेरू सालासकट, नीट चावून खा, मग गराडू (तळलेला कंद) नि जिलबी कमीच खाल्ली जाते. ज्यूस नको हो, चोथा गाळला जातो नि साखर तेवढी राहते. सकाळी पोहे-जिलबी खाताना जिलबीच्या जागी संत्रं घ्या, जिलबी खाऊन वर संत्रं नाही! नुसतं पोट वेगळं उतरत नाही, सगळं वजन उतरेल तसं तेही उतरतं, म्हणून रोज भरभर चालायचंच. शुगर असेल तर चिकू, आंबा डॉक्टरांना विचारूनच.